दोन मिनिटांचा गुरू

ग्रहाचे आजचे छायाचित्र ही हजारो छायाचित्रांची बेरीज असते. दुर्बिणीला नेत्रिकेच्या जागी छोटा कॅमेरा बसवायचा, ग्रहाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा, त्यातल्या दहा-बारा हजार फ्रेममधून नितळ तेवढ्या संगणकाकडून निवडून घ्यायच्या आणि एकमेकींवर रचायच्या, ही आता जगभरची रूढ रीत आहे. तिच्यामुळे घराच्या गच्चीवरच्या आठ इंची दुर्बिणीतून गुरूच्या पट्ट्यांमधले भोवरे, शनीच्या कड्यांमधली कॅसिनीची फट आणि मंगळाची ध्रुवीय टोपी टिपता येते. फिल्मच्या काळात एवढा तपशील मोठ्या वेधशाळांनाही सहजी मिळत नसे. या क्षेत्रात हौशी माणसाचे काम व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ विश्वासाने वापरतात, आणि त्याचे मूळ याच रीतीत आहे.

ग्रह तेजस्वी असतात, पण आकाशात फार लहान दिसतात. चंद्राचे बिंब सुमारे १८०० विकलांचे, म्हणजे अर्ध्या अंशाचे. गुरू प्रतियुतीच्या सुमारास, पृथ्वीच्या जवळ असताना, जेमतेम ४५ विकलांचा भरतो. शनीचा गोल १९-२० विकलांचा असतो. मंगळ जवळ आला तरी कधी १४, तर कधी २५ विकलांपर्यंतच पोहोचतो. युरेनस पावणेचार आणि नेपच्यून सव्वादोन विकलांच्या आसपास. २०० मिलिमीटर व्यासाचा आरसा, म्हणजेच आठ इंची दुर्बीण, सिद्धान्ताने ०.५८ विकला अंतरावरचे दोन बिंदू वेगळे दाखवू शकते. गुरूवर हे अंतर साधारण १८०० किलोमीटर होते. गुरूवरचा तांबडा डाग आता आक्रसून सुमारे १६ हजार किलोमीटर रुंदीचा राहिला आहे. तेव्हा त्याच्या पोटातली रचना दाखवायला आठ इंची आरसा पुरेसा आहे. आड येते ती हवा.

वातावरणात कमी-जास्त तापमानाचे थर सतत एकमेकांत मिसळत असतात आणि त्यांतून येणारा प्रकाश क्षणोक्षणी वाकतो. तारा लुकलुकतो तो यामुळेच. दुर्बिणीत ग्रहाच्या कडा उकळल्यासारख्या हलतात आणि साध्या रात्री सगळा तपशील दोन-तीन विकलांत पसरून जातो. हवेच्या या स्थिरतेला हौशी निरीक्षक ‘सीइंग’ म्हणतात आणि मंगळाचे थोर निरीक्षक अँटोनियाडी यांच्या एक ते पाच या श्रेणीत तिची नोंद करतात. वाईट रात्रीसुद्धा मधूनच एखादा क्षण असा येतो की चित्र स्थिरावते. डेव्हिड फ्रीड यांनी १९७८ मध्ये असे सुदैवी क्षण किती वेळा लाभतील याचे गणित मांडले. अनुभवी डोळा ते पूर्वीपासून टिपत होता, म्हणून तर ग्रहांची हाताने काढलेली रेखाटने फार काळ छायाचित्रांपेक्षा सरस राहिली. अमेरिकेत लॉवेल वेधशाळेत लॅम्पलँड यांनी १९०५ मध्ये मंगळाची छायाचित्रे घेतली. ती गाजली खरी, पण त्या काळच्या प्लेटला लागणाऱ्या वेळात हवा कितीतरी वेळा हलून जाई आणि बारकावे पुसले जात. सन २००० च्या आसपास संगणकावर बोलण्यासाठी आलेले स्वस्त वेबकॅम काही जणांनी दुर्बिणीला जोडले आणि चित्र पालटले. नेदरलँडमधील कोर बेरेव्हूट्स यांनी फ्रेम निवडून रचणारी ‘रेजिस्टॅक्स’ ही प्रणाली विनामूल्य दिली. पुढे त्याच देशातील एमिल क्राइकाम्प यांची ‘ऑटोस्टॅकर्ट’ आली आणि आज बहुतेक जण तीच वापरतात.

हवेचा प्रश्न आला की जागेचा प्रश्न येतो. उदाहरण म्हणून माकणी घेऊ. धाराशिव जिल्ह्यात लोहारा तालुक्यातील हे गाव निम्न तेरणा प्रकल्पामुळे ओळखले जाते. मांजरेची उपनदी असलेली तेरणा इथे अडवली आहे. गावाचा अक्षांश सुमारे १८ अंश उत्तर, आणि ग्रहांच्या छायाचित्रणात हा आकडा फार मोलाचा आहे. ग्रह क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या वार्षिक मार्गाच्या, आसपासच फिरतात, त्यामुळे माकणीच्या आकाशात ते नेहमी उंच चढतात आणि काही वेळा तर थेट डोक्यावर येतात. २७ जुलै २०१८ च्या प्रतियुतीला मंगळ खूप दक्षिणेला होता. लंडनहून तो क्षितिजाच्या वर फक्त १३ अंश चढला, माकणीच्या अक्षांशावर मात्र ४६ अंशांहून अधिक. ग्रह खाली असला की प्रकाशाला हवेचा जाड थर ओलांडावा लागतो. शिवाय वातावरण लोलकासारखे वागते. ३० अंश उंचीवर निळा आणि तांबडा प्रकाश एकमेकांपासून दोन विकलांहून अधिक सरकतो आणि ग्रहाला एका बाजूने निळी, दुसऱ्या बाजूने लाल कड येते. युरोपातले छायाचित्रकार यावर उपाय म्हणून दोन लोलकांची खास जोडणी कॅमेऱ्यापुढे लावतात. खमध्याजवळच्या ग्रहाला तिची गरज जवळजवळ उरत नाही.

इथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. ग्रहांच्या छायाचित्रासाठी अंधारे आकाश लागत नाही. आकाशगंगा आणि तेजोमेघ टिपायचे तर शहर सोडावे लागते, गुरूचे काम पुण्या-मुंबईच्या दिव्यांतही भागते. खेड्याचा फायदा आहे तो मोकळ्या जमिनीचा. तिथे तापलेल्या इमारती, वातानुकूलन यंत्रे आणि डांबरी रस्ते कमी असतात. अर्थात खेड्यातही जागा निवडावी लागते. या पट्ट्यातली जुनी घरे मातीच्या माळवदाची होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर बांधकामाची पद्धत बदलली, स्लॅब आणि पत्रा आला. दिवसभर तापलेला स्लॅब अर्धी रात्र उष्णता सोडत राहतो, आणि त्यावर मांडलेल्या दुर्बिणीला आपल्याच पायाखालची गरम हवा नडते. त्यापेक्षा शेतातली किंवा गवताची जागा बरी. पाण्याजवळची जागाही चांगली असते, कारण पाण्याचे तापमान सावकाश बदलते आणि त्यावरून येणारा वारा कमी खळबळतो. याच कारणासाठी उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर उभारली आहे. तिचे काम दिवसाचे आणि रात्री हा फायदा त्यामानाने कमी, तरीही तेरणेच्या जलाशयावरून वारा येत असेल अशी मोकळी जागा माकणीत आधी पाहावी. जलाशयाकाठी हिवाळ्यात दव पडते, तेव्हा दुर्बिणीच्या तोंडाला पुठ्ठ्याची किंवा फोमची नळी लावणे भाग असते. वरच्या हवेचा हिशोबही दख्खनच्या बाजूचा आहे. हिवाळ्यात उत्तर भारताच्या आकाशातून जोरदार पश्चिमी झोतवारा वाहतो आणि तिथल्या ग्रहांना थरथरवतो. १८ अंशांवर त्याचा जोर बराच ओसरलेला असतो.

महाराष्ट्रात आकाशाच्या छायाचित्रणाला जुनी परंपरा आहे. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८८८ मध्ये वेधशाळा उभारली. तिथला ग्रब कंपनीचा २० इंची परावर्तक त्या वेळी देशातला सर्वांत मोठा होता. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला नायगमवाला आपली उपकरणे घेऊन शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे गेले आणि त्यांनी ग्रहणाचे वेध घेतले. ते १९१२ मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकॅनालला गेली. पुण्याने एवढी मोठी दुर्बीण जाऊ दिली, ही हळहळ आजही वाटावी अशी आहे. ही पोकळी पुढे हौशी माणसांनी भरली. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे आणि हौशी खगोलप्रेमींची ती देशातली सर्वांत जुनी संस्था मानली जाते. हॅलेच्या धूमकेतूच्या वेळी मुंबईत खगोल मंडळ उभे राहिले, आणि वांगणीच्या त्यांच्या आकाशदर्शनांनी अनेकांना पहिल्यांदा शनीचे कडे दाखवले. डॉ. जयंत नारळीकर यांनी उभारलेल्या आयुका या संस्थेने दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या आणि शाळा-महाविद्यालयांतल्या शेकडो हातांना आरसा घासायला शिकवले.

आरसा घासणे हे काम इथे जरा जवळून पाहण्यासारखे आहे, कारण ग्रहांसाठी दुर्बीण मोठी असण्यापेक्षा तिचा आरसा अचूक असण्याला अधिक महत्त्व आहे. दीडशे मिलिमीटर व्यासाच्या दोन जाड काचा घेतात. खालची काच पक्की बसवतात, तिच्यावर कार्बोरंडमची भरड पूड आणि पाणी टाकतात, आणि वरची काच मध्यापासून कडेपलीकडे थोडी नेत पुढे-मागे घासतात. चार-सहा फेऱ्यांनंतर ती हातात थोडी फिरवायची, आणि घासणाऱ्यानेही मेजाभोवती एक पाऊल सरकायचे. असे करता करता वरची काच खोलगट होते आणि खालची फुगीर. बाराशे मिलिमीटर नाभीय अंतर हवे असेल तर मध्याची खोली सुमारे १.२ मिलिमीटर व्हावी लागते. मग क्रमाने बारीक पूड, आणि शेवटी डांबरी राळेच्या थरावर सीरियम ऑक्साइडने चकाकी. गोलाकार पृष्ठभाग पॅराबोलाकडे न्यायचे शेवटचे काम सर्वांत नाजूक असते. तिथे पृष्ठभागाची चूक प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आठव्या भागापेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे चौदा-हजाराव्या भागापेक्षा, जास्त चालत नाही. ती मोजायला मात्र एक छोटा दिवा आणि दाढीचे पाते पुरते. ही फूको यांनी १८५८ मध्ये शोधलेली चाचणी आहे. नीट घासलेला सहा इंची आरसा बाजारातल्या ढिसाळ आठ इंचीपेक्षा गुरू चांगला दाखवतो.

आरशानंतर बैठक. विषुववृत्तीय बैठकीचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो, आणि माकणीत ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १८ अंश वर असतो. युरोप-अमेरिकेच्या अक्षांशांसाठी बनवलेल्या काही बैठका एवढ्या खाली उतरतच नाहीत, किंवा उतरल्या तर वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला अडतो. विकत घेण्याआधी हे पाहून घ्यावे. साधी डॉब्सन बैठक असली तरी काम अडत नाही. आकाश सेकंदाला सुमारे १५ विकला सरकते. नेहमीच्या कॅमेऱ्याच्या चौकटीतून गुरू एका बाजूने शिरून दुसरीकडे जायला वीस-पंचवीस सेकंद घेतो. दुर्बीण पुढे ढकलायची, ग्रह चौकटीतून वाहू द्यायचा, पुन्हा ढकलायची. सगळ्या तुकड्यांमधला ग्रह मध्यावर आणण्याचे काम संगणक करतो. मोटर नाही म्हणून थांबून राहू नये. नेत्रिकेला मोबाइल लावून घेतलेल्या व्हिडिओवरही हीच रीत चालते, आणि सुरुवात चंद्रापासून केली तर हात लवकर बसतो.

ग्रहाचे चित्र कॅमेऱ्यावर किती मोठे पाडायचे याचा एक उपयोगी नियम आहे. कॅमेऱ्याच्या पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्यावा आणि त्याच्या पाचपट एफ-गुणोत्तर, म्हणजे नाभीय अंतर भागिले व्यास, ठेवावे. २.९ मायक्रॉनचा पिक्सेल असेल तर एफ/१५ च्या आसपास. आठ इंची, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला अडीचपट बार्लो भिंग लावले की ३००० मिलिमीटर होतात आणि हे गणित जुळते. मग एका पिक्सेलमध्ये ०.२ विकला मावते आणि गुरू साधारण २२५ पिक्सेलचा दिसतो, संगणकाच्या पडद्यावर टपाल तिकिटाएवढा. नवख्याला तो लहान वाटतो आणि तो आणखी जोरदार बार्लो लावतो. त्यामुळे चित्र अंधारते, एका फ्रेमला जास्त वेळ द्यावा लागतो आणि तेवढ्यात हवा हलते. लहान पण तेजस्वी चित्रच चांगले.

रात्रीचे काम संध्याकाळी सुरू होते. दुर्बीण दीड-दोन तास आधी उघड्यावर ठेवावी लागते, म्हणजे आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होतो. गरम आरशावर हवेचा पातळ थर तरंगत राहतो आणि कितीही चांगले सीइंग असले तरी तोच सगळे बिघडवतो. मग आरशांची जुळणी. एखादा तारा किंचित फोकसबाहेर नेला की त्याभोवती वर्तुळे दिसतात, आणि ती एककेंद्री होईपर्यंत स्क्रू फिरवायचे. बरीचशी वाया गेलेली छायाचित्रे याच पायरीवर वाया जातात. फोकस साधायला ग्रहाची कड किंवा उपग्रहांचे ठिपके उपयोगी पडतात. दर फ्रेमला पाच ते दहा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला शंभर किंवा अधिक फ्रेम. मध्ये घड्याळाकडे लक्ष हवे, कारण गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो. बिंबाच्या मध्यावरचा डाग मिनिटाला जवळजवळ पाव विकला सरकतो. आठ इंची दुर्बिणीची भेदनक्षमता ०.५८ विकला असल्याने सव्वादोन-अडीच मिनिटांनंतर गुरूचे स्वतःचे फिरणेच चित्र पुसू लागते. म्हणून व्हिडिओ दोन मिनिटांचा. मंगळाचा दिवस २४ तास ३७ मिनिटांचा आणि बिंब लहान, तिथे सवड कितीतरी जास्त मिळते. ग्रिशा हान यांची ‘विनज्युपॉस’ ही प्रणाली वेगवेगळ्या वेळी घेतलेली चित्रे फिरवून एका क्षणावर आणते, आणि मग गुरूवरही दहा-पंधरा मिनिटांचा प्रकाश एकत्र करता येतो.

बारा हजार फ्रेमपैकी अडीच हजार निवडल्या आणि रचल्या तर चित्रातला यादृच्छिक कचरा अडीच हजारांच्या वर्गमुळाने, म्हणजे पन्नासपटीने, घटतो. रचलेले चित्र गुळगुळीत आणि काहीसे धूसर असते. तपशील त्यात दडलेला असतो आणि तो ‘वेव्हलेट’ पद्धतीने, थराथराने उठावदार करतात. हात आवरायची जागा हीच. जास्त धार दिली की मंगळाच्या कडेला नसलेली गोल रेघ उमटते आणि गुरूच्या पट्ट्यांवर खोटे दाणे येतात. कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र ‘सुधारणारी’ साधने त्याहून घातक आहेत, कारण ती ग्रहावर नसलेला तपशील अंदाजाने भरतात. असे चित्र सजावटीला चालेल, निरीक्षण म्हणून ते बाद आहे. त्यासाठी एक साधी कसोटी आहे. एकामागोमाग घेतलेल्या दोन व्हिडिओंत तोच ठिपका, परिवलनाने जेवढा सरकायला हवा तेवढाच सरकलेला दिसला, तर तो खरा.

गाळण्यांमुळे काम आणखी वाढते. तांबड्यापलीकडच्या अवरक्त प्रकाशात हवा कमी हलते, त्यामुळे वाईट रात्री त्या गाळणीतून गुरू वाचवता येतो. ८८९ नॅनोमीटरला मिथेन वायू प्रकाश शोषतो. त्या पट्ट्यात गुरू काळवंडतो आणि उंचावरचे ढग, तांबडा डागही, उजळ उठून दिसतात. शुक्र साध्या प्रकाशात कोरा दिसतो, अतिनील गाळणीतून मात्र त्याच्या ढगांचे पट्टे उमटतात. शुक्र दिवसाउजेडीही टिपता येतो, परंतु सूर्य क्षितिजाच्या वर असताना दुर्बीण फिरवणे धोक्याचे आहे. योग्य सौरगाळणीविना सूर्य दुर्बिणीत आला तर डोळा कायमचा जातो. मुलांच्या हाती दुर्बीण देताना ही सूचना सर्वांत आधी द्यावी.

असे हौशी निरीक्षण किती मोलाचे ठरते, ते गुरूवरच दिसून आले. १९ जुलै २००९ रोजी ऑस्ट्रेलियातील अँथनी वेस्ली यांना साडेचौदा इंची घरगुती दुर्बिणीतून गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ नवा काळा डाग दिसला. त्यांनी लगेच कळवले. हवाईतील नासाच्या अवरक्त दुर्बिणीने तो आघाताचा व्रण असल्याची खात्री केली आणि हबल दुर्बीण तातडीने तिकडे वळवण्यात आली. ३ जून २०१० रोजी वेस्ली यांच्याच व्हिडिओत गुरूवर दोनेक सेकंदांचा लखलखाट उमटला, आणि त्याच क्षणी फिलिपीन्समधील सेबू येथून ख्रिस्तोफर गो यांनीही तो टिपला होता. दोन ठिकाणची नोंद जुळल्यामुळे तो कॅमेऱ्याचा दोष नसल्याचे सिद्ध झाले. गो यांनीच २००६ मध्ये गुरूवरचा एक पांढरा अंडाकृती डाग लाल झाल्याचे पहिल्यांदा दाखवले होते. गुरूभोवती फिरणाऱ्या जुनो यानाच्या शास्त्रज्ञांनी यानाच्या झेपांदरम्यान ग्रहावर काय बदलले हे पाहण्यासाठी हौशी चित्रांवर भिस्त ठेवली. मोठ्या दुर्बिणींना रोज गुरूकडे पाहायला सवड नसते.

माकणीचा रेखांशही म्हणूनच कामाचा आहे. जपान, फिलिपीन्स आणि पूर्व ऑस्ट्रेलियात उजाडते तेव्हा भारतात अजून रात्र असते, आणि युरोपात गुरू वर यायला वेळ असतो. २०१० च्या त्या लखलखाटाच्या वेळी भारतात ४ जूनची पहाट होती, २ वाजून १ मिनिट, आणि गुरू पूर्वेला नुकताच वर आला होता. दहा तासांत फिरणाऱ्या ग्रहाची एक बाजू या मधल्या तासांत समोर येऊन निघून जाते. तिच्यावर पहारा ठेवण्याची जबाबदारी भारतीय उपखंडाच्या वाट्याला येते, आणि इथून नियमित चित्रे पाठवणारे अजून थोडेच आहेत. चित्राबरोबर वेळ लिहिली नसेल तर त्याचा उपयोग शून्य. जागतिक वेळ म्हणजे भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा. पहाटे पाचचे चित्र जागतिक वेळेत आदल्या दिवशीच्या साडेअकराचे होते, आणि तारीख बदलायची राहून जाणे ही नेहमीची चूक. पाच मिनिटांच्या चुकीने गुरूवरच्या डागाचा रेखांश तीन अंशांनी चुकतो.

मराठवाड्यातल्या माणसाला आणखी एक हिशोब ठेवावा लागतो, तो पावसाळ्याचा. २०१८ ची मंगळाची प्रतियुती जुलैत होती, ढगांत गेली. शनीच्या प्रतियुतीही कित्येक वर्षे जून ते ऑगस्टमध्ये येत होत्या. आता शनी पावसाळ्याबाहेर पडतो आहे. २०२६ मध्ये ४ ऑक्टोबरला आणि २०२८ मध्ये ऑक्टोबरअखेरीस त्याची प्रतियुती आहे. मार्च २०२५ मध्ये पृथ्वीसमोर कडेने आलेली त्याची कडी दर वर्षी अधिक उघडत जातील, आणि सोबत शनी उत्तरेकडे सरकत उंचही होत जाईल. गुरूचे उलट आहे. २०२७ मध्ये १०-११ फेब्रुवारी, २०२८ मध्ये मार्च, २०२९ मध्ये एप्रिल, असे करत त्याची प्रतियुती २०३१ मध्ये जूनच्या ढगांत शिरेल. फेब्रुवारी २०२७ मध्ये तर १९ तारखेला मंगळाचीही प्रतियुती आहे. तो फक्त १३.८ विकलांचा असेल, पण उत्तर ध्रुव आपल्याकडे कललेला असल्याने तिथली टोपी पाहता येईल. त्या रात्री दोन्ही ग्रह सिंह तारकासमूहाच्या परिसरात असतील आणि माकणीच्या आकाशात मध्यरात्रीपासून पाऊण तासाच्या आत, आधी गुरू आणि मग मंगळ, ८७ अंशांच्या आसपास, म्हणजे जवळपास डोक्यावर, येतील.

या रात्रींत ज्यांच्याकडे दुर्बीण असेल त्यांनी जागतिक वेळ, दुर्बिणीचा व्यास आणि वापरलेली गाळणी लिहून आपली चित्रे अमेरिकेची अल्पो ही संघटना, ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन किंवा स्पेनच्या बास्क विद्यापीठाने चालवलेला ग्रहचित्रांचा संग्रह यांपैकी कुठेही पाठवावीत. मूळ व्हिडिओही जपून ठेवावा, कारण गुरूवर त्या रात्री काही आदळले होते का, हे शोधायला पुढे तोच उपयोगी पडतो.